हावडा ब्रिज: "पुढं खांब नको" म्हणणाऱ्यांनी एकदा बघून यावा

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं सांगतो, पण त्यात पुलाची काही चूक नाही, पुलावरून जाणाऱ्यांची आहे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठल्या नजरेनं बघितलं ते कळेल. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेड, ट्रस (म्हणजे त्रिकोणी जाळीचे लोखंडी सांगाडे), जिने, गेट, टॉवेल कारखान्यांतले पोटमाळे, टाक्यांचे स्टँड, हे आमचं काम. अँगल-चॅनल कापण्यात आणि जोडण्यात हयात गेली. हावड्याला गेलो ते पूल बघायला नव्हे, एक जुनं प्लेट रोलिंग मशीन बघायला. हावडा म्हणजे फाउंड्र्या आणि लेथवाल्यांचं गाव. तिथल्या ओतकामाची मॅनहोलची झाकणं परदेशातल्या रस्त्यांवर बसलेली आहेत. मंडळी सोबत आली ती कालीघाटासाठी. मशीनचे रोलर मधे झिजलेले निघाले, तो विषय तिथंच संपला. पूल दोघांच्याही यादीत नव्हता. पण हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की यादी कोण विचारतंय, तो समोर उभाच असतो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्हाला वरचेवर एक वाक्य ऐकावं लागतं: "मालक, पुढं खांब नको." होटगी रोड घ्या, विजापूर रोड घ्या, दुकानदार कुठलाही असो. दुकानापुढं दहा-बारा फूट पत्र्याची सावली पाहिजे, पण खांब नको, कारण गिऱ्हाईकाच्या गाड्या लावायच्या असतात. मी म्हणतो, होईल की. पण मग मागं पकड द्यावी लागेल. मागं स्लॅबमध्ये नाहीतर बीममध्ये चांगलं आत घुसवून बांधायला लागेल, आणि मागचं मटेरियल पुढच्यापेक्षा जास्त जाईल. तिथं माणसाचं तोंड उतरतं. मागचं कुणाला दिसत नाही, त्याचे पैसे कशाला द्यायचे? मग तो दुसऱ्याकडं जातो, दुसरा चार फास्टनर मारून पत्रा टांगून देतो, आणि मृगाच्या वाऱ्यात तो पत्रा शेजारच्याच्या गाडीवर जातो.

हुगळी नदी हे असलंच गिऱ्हाईक. पात्रात खांब नको, कारण जहाजं जायची-यायची, आणि खांब घातला की त्याला गाळ अडून पात्र भरायला लागणार. फरक एवढाच की इथं ते ऐकणाऱ्यांनी मागच्या बाजूचे पैसे दिले.

हिशेब बघा. दोन्ही काठांवर एकेक मनोरा, ऐंशी मीटरच्या वर उंच. एका मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत १५०० फूट, म्हणजे ४५७ मीटर, मधे काही नाही. प्रत्येक मनोऱ्यापासून ४६८ फुटांचा हात नदीवर पुढं आलेला, आणि त्या दोन हातांच्या टोकांना मधला ५६४ फुटांचा तुकडा अडकवलेला. बेरीज करा, बरोबर १५०० येते. मनोऱ्याच्या मागं, जमिनीकडं, ३२५ फुटांचा मागचा हात, आणि त्याचं टोक खाली पायाच्या विहिरी घेऊन जमिनीत बांधून टाकलेलं. नदीवरचा हात खाली जायला बघतो, म्हणून मागचा वर उचलायला बघतो, आणि जमीन त्याला सोडत नाही. कॅन्टिलिव्हर म्हणजे एवढंच. कॉलेजात न गेलेल्या माझ्या वेल्डरलासुद्धा हे दोन मिनिटांत समजतं, दुकानदाराला मात्र समजत नाही.

फोटोत सगळे तो नदीवरचा भाग घेतात. मागचा हात फोटोत येत नाही, कारण त्याच्या खाली बस, टॅक्स्या, हातगाड्या आणि धूर आहे, तिथं कुणी वर बघत नाही. मी तिथंच उभा राहिलो. वरची कॉर्ड, म्हणजे सांगाड्याची वरची लांब कड, मनोऱ्याच्या डोक्यावरून मागं कशी उतरत येते, तिला ताण किती असणार, तो ताण शेवटी कुठं जातो, हे मान मोडेपर्यंत बघितलं. मंडळी म्हणाली, "अहो, नदी तिकडं आहे की." नदी तिकडं आहे हे खरं, पण नदीवरचं ओझं इकडं आहे.

खालच्या कॉर्डकडंही बघून घ्या. तिच्यावर दाब असतो, आणि दाबातलं लोखंड दगा देतं ते न सांगता. कॅनडातल्या क्वेबेकला याच जातीचा पूल बांधताना १९०७ साली खालच्या कॉर्ड चेपल्या आणि सगळं लोखंड नदीत गेलं. ७५ कामगार गेले. पुन्हा बांधताना १९१६ ला मधला तुकडा उचलताना पडला, त्यात आणखी १३ जण. शेवटी १९१७ ला तो पूल झाला, आणि ५४९ मीटरचा तो स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, आजही या जातीत जगात सगळ्यात मोठा. हावड्याचं डिझाइन करणाऱ्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन या विलायती कंपनीपुढं हा सगळा इतिहास होता. कोलकात्यात त्या वेळी कमानीच्या पुलाचीही सूचना झाली होती. राजेंद्रनाथ मुखर्जींच्या समितीनं विचार केला, १९२६ ला कायदा झाला, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९३६ उजाडलं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या तारखांवर हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता रिबिट, म्हणजे लोखंडाच्या प्लेटा जोडायची टोपीवाली खीळ. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढं फुलांच्या बाजाराच्या परिच्छेदात जावं.

तिथं कुणीही तुम्हाला सांगतं की या पुलात एकसुद्धा नट-बोल्ट नाही. ते असं सांगतात की जणू जादू आहे. जादू नाही ओ. त्या काळात मोठे पूल रिबिटानंच जोडत. जुन्या रेल्वे पुलांच्या गर्डरवर गोल टोप्यांच्या रांगा दिसतात, त्याच या. जादू असेल तर ती कामाच्या सफाईत आहे. रिबिट मारायला एका माणसाचं काम नाही, टोळी लागते. एकजण भट्टीवर रिबिट लाल करतो, दुसरा तो चिमट्यानं उचलून पुढं देतो किंवा फेकतो, तिसरा झेलून भोकात घालतो आणि मागून टेकू देऊन धरतो, चौथा पुढून हातोडा चालवून टोपी बसवतो. रिबिट लाल असतानाच हे सगळं व्हायला पाहिजे. मग तो गार होताना आखडतो आणि दोन्ही प्लेटांना असा आवळून धरतो की मधे पाणी शिरायला जागा नाही. हे लाख वेळा करायचं, नदीवर, वाऱ्यात, आणि ओळ वाकडी होऊ द्यायची नाही.

एका गसेट प्लेटजवळ, म्हणजे जोडावर बसवतात त्या प्लेटजवळ, मी नाक लावून बघितलं. रंगाचे थरावर थर चढलेत, टोप्यांच्या कडा त्यामुळं गुळगुळीत झाल्यात, पण रांग बघितली तर सरळ. दोन टोप्यांतलं अंतर बोटांनी मोजत गेलो, पुढच्या रांगेत तेच, त्याच्या पुढच्या रांगेत तेच. प्लेटच्या कडेला एका जागी रंग उडालेला होता आणि खालचं लोखंड दिसत होतं, तिथं गंज होता पण वरवरचा, पापुद्रा सुटलेला नव्हता. खिशातल्या किल्लीनं एका टोपीवर हलकेच टकटक केलं. टण्ण असा आवाज आला. जुने रेल्वेवाले हातोडीनं असंच तपासतात, ढिला रिबिट बद्द वाजतो. मागून येणाऱ्या एका हमालानं माझ्याकडं असं बघितलं की हा माणूस पूल विकत घ्यायला आलाय का काय. मंडळी चार पावलं पुढं जाऊन, हे आपले कुणी नव्हेत असा चेहरा करून उभी होती.

लोखंड एकूण २६,५०० टन. त्यातलं २३,००० टन टाटांचं, टिस्क्रोम नावाचं जास्त ताकदीचं स्टील. युद्धामुळं विलायतेहून माल यायचा थांबला तेव्हा जमशेदपूरनं तो भार उचलला. जोडकाम ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या कोलकात्याच्या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन केलं. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते मधलं जोडणं. दोन्ही काठांवरून सरकत्या क्रेननं काम पुढं पुढं आणायचं, खाली आधार काही नाही, आणि नदीच्या मध्यावर दोन्ही टोकं एकमेकांसमोर यायला पाहिजेत. आमच्याकडं साठ फुटी ट्रसचे दोन अर्धे भाग जमिनीवर ठेवून जोडताना भोकं दोन सूत चुकली की ड्रिफ्ट पिन (भोकं जुळवायची निमुळती पहार) घालून घणानं हाणावं लागतं, वर आईबहिणीवरून बोलणं होतं ते वेगळंच. तिथं ८०० टनी १६ हायड्रॉलिक जॅक लावून ते दोन अर्धे भाग जुळवले. कागदावरचं मोजमाप नीट असलं की जोरजबरी करावी लागत नाही, हे मी माझ्या फिटरला कधीपासून सांगतोय.

पायथ्याचं कामही काही सोपं नव्हतं. आपल्याकडं पुलाचा पाया म्हणजे फार चिंता नसते. भीमेत घ्या, सीनेत घ्या, खणत गेलं की काळा पाषाण लागतोच. हुगळीत नुसता गाळ आणि वाळू. म्हणून पायाच्या भल्यामोठ्या पोकळ विहिरी, सुमारे ५५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद, आतून खणत खणत खाली बसवल्या. हावड्याकडची २६ मीटरच्या वर खोल गेली, कोलकात्याकडची ३१ मीटरच्या वर. कोलकात्याच्या बाजूला वाळू आत धावायला लागली म्हणून दाबाची हवा भरून माणसं आत काम करत होती. एका रात्री खालची माती अचानक सुटली आणि ती अख्खी विहीर दोन फूट खाली बसली. खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची भूकंप म्हणून नोंद झाली, आणि काठावरचं एक देऊळ पडलं, ते नंतर बांधून दिलं. गाळातून जहाजांचे नांगर, तोफा, तोफेचे गोळे, पितळी भांडी आणि कंपनी सरकारची नाणी निघाली. आमच्याकडं पाया खणताना फक्त पाण्याची पाइप फुटते.

चालायचं कुठून? फूटपाथ दोन्ही बाजूंना आहे, १५ फुटी, गाड्यांच्या रस्त्यापासून वेगळा, मुख्य ट्रसच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे फूटपाथसुद्धा बाहेर काढलेला, त्याच्याही खाली खांब नाही. रस्ता खालून उचललेला नाही, वरच्या ट्रसला हँगरच्या, म्हणजे टांगायच्या उभ्या दांड्यांच्या, ३९ जोड्या लावून टांगलेला आहे. जड बस गेली की पायाखाली जाणवतं. मंडळी कठडा धरून थांबली आणि म्हणाली, "हलतंय." मी म्हटलं, हलू दे. न हलणारं लोखंड तडकतं. हँगर आणि आडव्या गर्डरचा जोड पिनचा आहे, फिरायला मोकळा, आणि मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना एक्स्पान्शन जॉइंट आहेत. त्या जॉइंटवरून टॅक्सी गेली की खड्-खड् असा डबल आवाज येतो. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, त्याला जागा द्यायला पाहिजे. सोलापूरच्या उन्हात पत्रा मारणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही.

आणि आता अर्ध्या स्टारची गोष्ट.

हँगरचा पाय जिथं फूटपाथच्या कडेला येतो, तिथं लोक थुंकतात. पान, खैनी, गुटखा, सगळं. चुना, कात, तंबाखू आणि थुंकी रोज त्याच जागी, रोज हजार तोंडांतून. हँगरच्या पायाला संरक्षणाला लावलेली स्टीलची आवरणं ६ मिलिमीटरची होती, ती काही वर्षांत ३ मिलिमीटरच्या खाली आल्याचं तपासणीत सापडलं. मग त्याच्यावर फायबर ग्लासची आवरणं बसवली, धुऊन काढता येतील अशी. ६ एमएम प्लेट म्हणजे काय, हे लोखंडवाल्याला विचारा. तिला भोक पाडायचं तर मला ड्रिल लावावं लागतं, पाणी ओतावं लागतं, बिट गरम होतो. आणि ही माणसं नुसत्या तोंडानं ती अर्धी करतात! दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांना जमलं नाही ते.

यावर आपण सोलापूरकरांनी हसू नये. मावा आपल्याकडं कुठं मिळत नाही ते सांगा. माझ्याच वर्कशॉपमध्ये ग्राइंडरच्या मागचा कोपरा बघण्यासारखा नाही, आणि मी आल्यावर सगळ्यांना त्या हँगरचा फोटो दाखवून सहा आणि तीनचा हिशेब समजावला. दोन दिवस फरक पडला. तिसऱ्या दिवशी हेल्पर म्हणतो, "मालक, आपल्याकडं हँगर कुठं आहे?"

फूटपाथवर दुसरी अडचण गर्दीची. रोज लाखभर गाड्या आणि दीड लाख माणसं जातात असं म्हणतात, आणि सकाळी नऊला ती सगळी तुमच्या अंगावर येतात असं वाटतं. हमाल डोक्यावर एवढी ओझी घेऊन येतात की वाट द्यायलाच लागते, आणि ते थांबत नाहीत, थांबूच शकत नाहीत. बडाबाजार पलीकडंच आहे, कापडाचे गठ्ठे, भाज्यांच्या पाट्या, खुर्च्यांचे मनोरे, सगळं डोक्यावर. तुम्ही मधे उभं राहून फोटो काढत बसलात तर चूक तुमची. निवांत थांबून बघायला जागा पाहिजे होती, ती नाही. १९४६ ला एकदा मोजणी झाली होती, त्यात एका दिवसात २७,४०० गाड्या, १,२१,१०० पादचारी आणि २,९९७ गुरं मोजली. गुरं मोजणारा माणूस कोण असेल, तो शेवटच्या तीन गाईंवर अडला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पलीकडच्या टोकाला, पुलाच्या पायथ्याशीच, मल्लिक घाटाचा फुलांचा बाजार. झेंडूचे जाड दोरखंड पिवळे आणि नारिंगी असे ढिगानं पडलेले, खाली चिखल. मंडळीला पूल दहा मिनिटं आवडला आणि हा बाजार तासभर. भाव विचारून झाला, सोलापूरच्या भावाशी तुलना झाली, एक हार कालीघाटासाठी घेतला. पुलाच्या रिव्ह्यूत तिचंही मत यावं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चांगला आहे, पण खाली उतरायचा जिना घाण आहे." जिन्याबद्दल मला काही बोलायचं नाही, ती बरोबर आहे.

पूल नीट बघायचा असेल तर मात्र वरून बघू नका, खालून बघा. हावडा स्टेशनच्या समोरच फेरीघाट आहे. चहाच्या पैशात बोटीत बसायला मिळतं, आर्मेनियन घाटाकडं किंवा बागबाजारकडं जाणारी धरा. बागबाजारची बोट पुलाच्या खालून जाते. खालून आडवे गर्डर, त्यांच्यावरचे लांबट स्ट्रिंगर, कडेला बाहेर काढलेले फूटपाथचे ब्रॅकेट, सगळं उघडं दिसतं. वर गाड्यांचा गोंगाट आणि खाली इंजिनाचा, मधे मला काही ऐकू येत नव्हतं म्हणून मंडळीचं बोलणंही चुकवता आलं. २००५ च्या जूनमध्ये इथंच एक मालवाहू जहाज पुलाच्या खाली अडकलं होतं आणि गर्डरला मार बसला होता. बोटीतून वर बघितलं की पाणी आणि गर्डर यांच्यातली उंची जेमतेम आहे हे कळतं, भरतीला आणखी कमी.

इतिहास थोडक्यात. याच्या आधी इथं १८७४ पासून तरंगता पूल होता, ब्रॅडफर्ड लेस्ली या इंजिनिअरनं बांधलेला, जहाज आलं की मधला २०० फुटांचा भाग उघडायचा आणि तोपर्यंत लोकांनी दोन्हीकडं ताटकळायचं. नवा पूल ३ फेब्रुवारी १९४३ ला उघडला, पण समारंभ काही नाही. जपानी बॉम्बची भीती होती, म्हणून गाजावाजा न करता एक रिकामी ट्राम सोडली आणि झालं उद्घाटन. आपल्याकडं चौकातल्या दुभाजकाचंही फीत कापून उद्घाटन होतं, बॅनर तर आठवडाभर आधीच लागतात. १९६५ ला त्याचं नाव रवींद्र सेतू झालं. तिथं कुणाला रवींद्र सेतू विचारलात तर तो आधी दोन क्षण विचार करतो. ट्राम १९९३ पर्यंत चालली, मग बंद केली.

रात्रीची रंगीत लायटिंग केली आहे, जांभळी, हिरवी, गुलाबी. मला आवडली नाही. लग्नाच्या हॉलला ठीक आहे. या पुलाचा रंग चांदीचा आहे आणि सकाळी सहाच्या उजेडात त्याच्या प्रत्येक अँगलची सावली शेजारच्या अँगलवर पडते, ते बघण्यासारखं आहे. लायटिंगमध्ये ब्रेसिंग, म्हणजे मधले तिरपे आधार, दिसतच नाहीत.

आपल्या पुलांशी तुलना करू नये असं मंडळीचं मत आहे, पण मी करणार. विजापूर रोडला टाकळीचा भीमेवरचा पूल, अलीकडं महाराष्ट्र आणि पलीकडं धुळखेडला कर्नाटक. पुणे रोडला भीमानगर–हिंगणगावचा. दोन्हींना खांबावर खांब आहेत, आणि ते बरोबरच आहे. भीमेत जहाज कुठं येतंय? जिथं खांब घालता येतो तिथं खांब घालावा, तो स्वस्त पडतो. आपली अडचण वेगळी आहे. सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता. पाण्यानं किती उंची गाठायची हे आपण धरणातल्या विसर्गावर सोडतो आणि पूल-रस्ता त्या मानानं खाली ठेवतो. हुगळीवाल्यांनी १५०० फूट खांबाशिवाय काढले, आपण चार-पाच फूट उंची वाढवायला का कचरतो, एवढंच मला विचारायचं आहे. ते कॅन्टिलिव्हरचं काम नव्हे, भराव आणि पैशाचं आहे.

देखभाल कोलकात्याचं पोर्ट करतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्री काही तास पूल बंद ठेवून तपासणी केली. ऐंशी वर्षांच्या लोखंडाला रात्रीची का होईना सुट्टी देऊन तपासतात हे मला पटलं. एकदा बांधून दिलेल्या शेडकडं दहा वर्षांत रंगाचा डबा न नेणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगतो. पक्ष्यांची घाण हीसुद्धा तिथली मोठी डोकेदुखी आहे, कारण ती गसेटच्या खोबणीत साठते, ओल धरते आणि लोखंड खाते, म्हणून ती साफ करायला वेगळी माणसं लावावी लागतात. शेड बांधताना पाणी आणि कचरा अडेल अशी खोबण ठेवू नये, हे मी आता ड्रॉइंगवरच लिहून द्यायला लागलोय.

जाणाऱ्यांसाठी. वेळ सकाळी सहा ते साडेसात, रविवार असेल तर उत्तम. हावड्याकडून चालत कोलकात्याला जा, पुलाखालचा फुलांचा बाजार बघा आणि परत बोटीनं या. दुपारी चालू नका, लोखंड तापलेलं असतं आणि घामानं शर्ट पिळून काढावा लागतो. चपला घट्ट घाला. मागचा हात बघायला विसरू नका, स्टेशनच्या बाजूनं रस्ता जिथं चढायला लागतो तिथं थांबून मागं आणि वर बघा, पाकीट पुढच्या खिशात ठेवून. मुलं असतील तर मेट्रोनंही न्या. मार्च २०२४ पासून हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो नदीच्या खालून जाते, पात्र पंचेचाळीस सेकंदांत पार होतं, आणि निळे दिवे लागले की मुलं ओरडतात. वेळ उरला तर दक्षिणेला विद्यासागर सेतू आहे, १९९२ चा, केबलवर टांगलेला. देखणा आहे, पण तो टॅक्सीतून बघितला तरी चालतो.

सोलापूरहून आम्ही कोणार्क एक्सप्रेसनं भुवनेश्वरपर्यंत गेलो आणि तिथून गाडी बदलून हावडा. रिझर्वेशन आधी करून ठेवा. भुवनेश्वरला मधे चांगले चार-पाच तास हातात ठेवा, कोणार्क लांबून येते, उशीर होतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरूनच न्या, ती परतीपर्यंत टिकते.